मनावरचा ताण आणि सर्वांगाचे दुखणे

शरीराच्या अनेक भागांत एकाच वेळी दुखत असेल आणि ते दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन व्यापक वेदना म्हणते. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या असे ते डावीकडे आणि उजवीकडे, कमरेच्या वर आणि खाली पसरलेले असते. अंग ठणकते, कोणी बदडून काढल्यासारखे वाटते, ताप नसताना कणकण राहते, रात्रभर अंथरुणात पडूनही सकाळी शिणवटा जात नाही, अशा शब्दांत रुग्ण ते सांगतात. दुखण्याची जागाही एक नसते. आज खांद्यात असलेला ठणका उद्या कमरेत उतरतो.

या वेदनेबरोबर थकवा, न लागणारी झोप, विसरभोळेपणा, डोकेदुखी आणि पोटाच्या तक्रारी आल्या की त्या एकत्रित आजाराला फायब्रोमायल्जिया म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हूमॅटॉलॉजी या संस्थेने १९९० मध्ये त्याचे पहिले सर्वमान्य निकष ठरवले. शरीरावरच्या ठरावीक १८ बिंदूंवर अंगठ्याने दाबून पाहायचे आणि त्यांतले किमान ११ दुखले तर निदान पक्के करायचे, अशी ती पद्धत होती. २०१० मध्ये बिंदू मोजणे मागे पडले. शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखतात, झोपेने ताजेतवाने वाटते का, थकवा आणि विसराळूपणा किती आहे, याला महत्त्व आले. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दीर्घकालीन व्यापक वेदनेला स्वतंत्र स्थान दिले असून हे वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. वेदना जशी दुसऱ्या आजाराचे लक्षण असते तशीच ती स्वतंत्र आजारही असू शकते, ही गोष्ट त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाली.

जगभरातील पाहण्यांनुसार दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाला असे व्यापक दुखणे असते आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते. महाराष्ट्रात या विषयाची पायाभरणी पुणे जिल्ह्यातील भिगवणला झाली. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याविषयी पाहणी केली. हातपाय, पाठ, कंबर दुखणारे लोक गावात भरपूर आढळले, मात्र आमवातासारखा निश्चित संधिरोग त्यांच्यापैकी थोड्यांनाच होता. इतरांचे दुखणे खरे होते, पण संधिवाताच्या पुस्तकातील ठरीव नावांत ते बसत नव्हते.

अशा रुग्णाच्या हातात बहुधा तपासण्यांची जाड फाइल असते आणि प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. रक्त ठीक, एक्स-रे ठीक, एमआरआयमध्ये वयोमानाचे चार बदल. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ या वाक्यात मनाचा संबंध ओळखलेला असतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. मनावरचा दीर्घ ताण अंगाचे दुखणे वाढवतो हे खरे आहे. तो ते संप्रेरके, चेतातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू यांच्या मार्गाने वाढवतो, आणि या मार्गातील बदल मोजता येतात.

वेदना कुठे तयार होते

बोट चिमटले की त्वचेतील चेतातंतूंकडून संदेश निघतो, मज्जारज्जूत पोहोचतो आणि तिथून मेंदूकडे जातो. हा संदेश म्हणजे इशारा. वेदना हा अनुभव मेंदूत घडतो, आणि मेंदू तो घडवताना इशाऱ्याबरोबर बऱ्याच गोष्टी जमेस धरतो. धोका किती आहे, पूर्वी काय झाले होते, लक्ष कुठे आहे, मनःस्थिती कशी आहे, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा मिळून बनलेला अनुभव म्हटले आहे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतील अँझिओच्या आघाडीवर अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी जखमी सैनिकांची नोंद ठेवली. मोठ्या जखमा असूनही बहुतेकांना वेदनाशामक नको होते. शांततेच्या काळात तेवढ्याच जखमेवर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मात्र औषध मागत. बीचर यांच्या मते फरक जखमेच्या अर्थात होता. सैनिकासाठी ती रणांगणातून सुटका होती, तर सामान्य रुग्णासाठी आयुष्यावर आलेले संकट.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘वेदनेच्या दारा’चा सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार असते. खालून येणारा इशारा त्यातून वर जातो, पण ते किती उघडायचे हे मेंदूकडून खाली येणारे संदेशही ठरवतात. पुढे १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूतील एका लहान भागाला सौम्य विजेने चेतवले, तेव्हा भूल न देता शस्त्रक्रिया करता येईल इतकी त्यांची वेदना शमली. मेंदूजवळ वेदनेला लावायचा स्वतःचा ब्रेक आहे, हे यातून सिद्ध झाले. त्या ब्रेकसाठी शरीर सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि स्वतःच बनवलेली अफूसदृश रसायने वापरते.

ताण आला की शरीरात काय होते

१९१५ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी भीती आणि रागाच्या वेळी शरीरात होणारे बदल ग्रंथरूपाने मांडले. संकट दिसले की ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवले की थंडी, इजा, विष असे अगदी वेगवेगळे आघात झाले तरी उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकसारखी असते. आज ज्याला सर्रास ‘स्ट्रेस’ म्हटले जाते, त्याचे शास्त्र तिथून उभे राहिले.

या प्रतिक्रियेचा दुसरा पदर संप्रेरकांचा आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो, ती मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना चालना देते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढवते, दाह आवरते आणि संकट सरल्यावर मेंदूला ‘आता पुरे’ असे कळवून ही साखळी थांबवते. निरोगी माणसात ते पहाटे वाढू लागते, जाग आल्यावर थोड्याच वेळात सर्वाधिक असते आणि रात्रीपर्यंत उतरते.

अल्पकाळचा तीव्र ताण वेदना दाबतो. अंगावर कुत्रा धावून आला तर पळताना पायात रुतलेला काटा कळत नाही. घरी पोहोचल्यावर तो सलू लागतो. जिवावर बेतलेले असताना दुखण्याकडे लक्ष देणे परवडणारे नसते, म्हणून मेंदू ब्रेक दाबून धरतो. हा ताण मिनिटांचा किंवा तासांचा असतो आणि तो संपला की शरीर मूळ पदावर येते.

महिनोन्महिने चालणारा ताण मात्र याच्या उलट परिणाम करतो. कर्जाचे हप्ते, नोकरीची टांगती तलवार, घरातील मारझोड, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षांची शुश्रूषा, कोर्टात रेंगाळलेला जमिनीचा दावा या गोष्टींपासून पळून जाता येत नाही आणि त्यांच्याशी एकदाच लढूनही भागत नाही. सज्जतेची घंटा वाजतच राहते. तिची किंमत शरीराला झीज म्हणून मोजावी लागते, हा विचार ब्रूस मॅकइवन यांनी १९९३ पासून मांडला. उंदरांवरील प्रयोगांतही हेच दिसले. मोठा आवाज किंवा सक्तीचे पोहणे असा ताण दिवसामागून दिवस दिला की ते वेदनेला अधिक संवेदनशील होतात. थोडा ताण वेदनेचा ब्रेक लावतो आणि लांबलेला ताण तोच ब्रेक झिजवतो, असे या सगळ्याचे सार आहे.

ताणापासून ठणक्यापर्यंत

ताण वेदनेपर्यंत एकाच वाटेने पोहोचत नाही. त्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली वाट संप्रेरकांची. इंग्लंडमध्ये जॉन मॅकबेथ आणि सहकाऱ्यांनी व्यापक वेदना नसलेल्या, पण मानसिक आणि सामाजिक कारणांमुळे ती होण्याचा धोका असलेल्या लोकांची कॉर्टिसॉलची पातळी आधीच मोजून ठेवली. पंधरा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ज्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त होते, त्यांच्यात वेदना सुरू होण्याची शक्यता अधिक दिसली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या क्रमात आहे. दुखण्याने ताणयंत्रणा बिघडते, असे यापूर्वी म्हणता येत असे. इथे यंत्रणेची लय आधी बदलली होती आणि दुखणे नंतर आले होते.

दुसरी वाट मज्जारज्जूतील. बारीक चेतातंतूंना एका लयीत सारखे डिवचत राहिले की मज्जारज्जूतील पेशींचा प्रतिसाद प्रत्येक वेळी वाढत जातो, हे लोर्न मेंडेल यांनी १९६० च्या दशकात दाखवले. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी पुढचे पाऊल टाकले. इजेनंतर मज्जारज्जूतील पेशी स्वतःच अतिसंवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदनेसारखा प्रतिसाद देऊ लागतात, असे त्यांना आढळले. याला केंद्रीय संवेदनशीलता म्हणतात. रेडिओचा आवाज वाढवून ठेवावा आणि कुजबुजही कानठळ्या बसवू लागावी, तशी ही अवस्था असते. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनेचा निरोप पोहोचवणारे रसायन निरोगी माणसांच्या दुप्पट ते तिप्पट आढळले आहे.

तिसरी वाट मेंदूतील. रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फायब्रोमायल्जियाचे १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूची एमआरआय चित्रे घेतली. जो दाब निरोगी माणसांना किरकोळ वाटला, त्याच दाबाने रुग्णांच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे पेटून उठली. तेवढीच वेदना निरोगी माणसाला व्हावी म्हणून जवळपास दुप्पट दाब द्यावा लागला. रुग्ण दुखणे वाढवून सांगतात हा आरोप या चित्रांनी खोडून काढला. दुखते म्हणणाऱ्या माणसाच्या मेंदूत खरोखरच तितके दुखत होते.

ब्रेकही तपासून पाहिला गेला आहे. निरोगी माणसाचा एक हात बर्फाच्या पाण्यात धरला की दुसरीकडची वेदना कमी जाणवते, कारण एक वेदना दुसरीला ब्रेक लावते. फायब्रोमायल्जियाच्या अनेक रुग्णांत हा परिणाम क्षीण असतो. अफूसदृश रसायने पेशींवरील ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करतात, ते या रुग्णांच्या मेंदूतील काही भागांत कमी उपलब्ध असल्याचे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. मॉर्फिनच्या जातीची औषधे या आजारात फारशी का चालत नाहीत, याचा उलगडा त्यातून काहीसा होतो. भीती, चिंता आणि आठवण सांभाळणारे मेंदूचे भाग या ब्रेकच्या केंद्रांशी थेट जोडलेले आहेत. त्यामुळे जिवाला लागलेला घोर शरीरातील वेदनेपर्यंत पोहोचायला तयार रस्ता असतो.

चौथी वाट झोपेची, आणि कदाचित सर्वांत वाहती. चिंतेने झोप उडते हे कोणालाही सांगावे लागत नाही. झोप उडाली की अंग का दुखते, हे टोरांटोत हार्वी मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये दाखवले. निरोगी माणसे गाढ झोपेत शिरताच आवाज करून त्यांची गाढ झोप मोडली गेली, पण त्यांना पूर्ण जागे केले गेले नाही. काही रात्रींतच त्यांचे अंग दुखू लागले, थकवा आला आणि दाबल्यावर स्नायू दुखू लागले. नीट झोपू दिल्यावर तक्रारी ओसरल्या. नॉर्वेत बारा हजारांहून अधिक स्त्रियांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांना सुरुवातीला झोपेचा त्रास वारंवार किंवा नेहमी होता, त्यांना पुढे फायब्रोमायल्जिया होण्याचा धोका तसा त्रास नसलेल्यांच्या तिपटीहून अधिक निघाला.

याखेरीज ताणाखाली खांदे, मान आणि जबडा नकळत आवळलेले राहतात आणि दिवसभर आवळलेला स्नायू संध्याकाळी दुखतो. प्रतिकारशक्तीच्या पेशी दाह वाढवणारी रसायने अधिक सोडू लागतात. फ्लूच्या तापात अंग मोडून येते तेही अशाच रसायनांमुळे, म्हणूनच ताप नसताना कणकण असल्याची तक्रार निराधार नसते.

भीतीची भर

दुखणे टिकले की त्याचा अर्थ लावणे सुरू होते. काहीतरी गंभीर आहे आणि कोणाला सापडत नाही, हालचाल केली तर मणका सरकेल, पुढे अंथरूण धरावे लागेल, असे विचार रात्री उशाशी येऊन बसतात. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये हे चक्र सविस्तर मांडले. वेदनेची भीती वाटते म्हणून माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळल्याने स्नायू दुबळे होतात आणि मन उदास होते, दुबळ्या स्नायूंना थोडेसे कामही दुखवते, आणि त्या दुखण्याने भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

यातून ताण आणि वेदना एकमेकांना पोसू लागतात. दुखते म्हणून कामावर खाडे होतात, खाडे झाले म्हणून पैशांची ओढाताण होते, ओढाताणीने झोप जाते आणि झोप गेली की दुखणे वाढते. वेदना पाच-दहा वर्षे मुरल्यावर आधी ताण होता की आधी दुखणे, हा प्रश्न उपचारांसाठी फारसा कामाचा राहत नाही. चक्र कुठे तोडता येईल, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

बालपण, घर आणि परिस्थिती

ताणाची मुळे बरीच मागे जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा आजवर घेतला जात आहे. त्यांच्यापैकी साडेसात हजारांहून अधिक जणांना वयाच्या पंचेचाळिशीत दुखण्याविषयी विचारले गेले. ज्यांची आई बालपणी वारली होती, जे काही काळ अनाथालयासारख्या संस्थेत राहिले होते, ज्यांच्या घरी पैशांची चणचण होती किंवा ज्यांना रस्त्यावरील अपघातानंतर इस्पितळात दाखल व्हावे लागले होते, त्यांच्यात व्यापक वेदनेचा धोका दीडपट ते दुपटीच्या आसपास होता. बालपणी मेंदूची ताणयंत्रणा घडत असते. त्या वयातील असुरक्षितता तिला कायम सावध राहण्याची सवय लावून जाते.

गोव्यातील एक अभ्यास वेदनेच्या जुळ्या बहिणीविषयी, म्हणजे दीर्घकालीन थकव्याविषयी आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असलेल्या स्त्रियांचे प्रमाण १२ टक्के होते. भारतीय स्त्रीचा थकवा म्हणजे रक्तक्षय, असे गृहीत धरून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. इथे मात्र थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. गरिबी आणि बिघडलेले मानसिक आरोग्य यांच्याशी त्याचा घट्ट संबंध होता. रक्तक्षय शोधून त्यावर उपचार करणे आवश्यक आहेच, पण शिणलेल्या बाईला घरात कसे वागवले जाते हे विचारल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

मराठी घरांत पुष्कळदा मनाचे दुःख अंगाच्या भाषेत सांगितले जाते. ‘मी खचले आहे’ हे बोलायला जड जाते, ‘अंग दुखतंय’ हे बोलता येते. यात खोटेपणा नाही, कारण अंग दुखतच असते. ऐकणाऱ्याने दुखण्याची विचारपूस करता करता दुःखाचीही केली पाहिजे, इतकेच त्यातून शिकायचे.

ताण हे एकमेव कारण नव्हे

सारखाच ताण सोसणाऱ्या दोन भावंडांपैकी एकाचे अंग दुखते आणि दुसऱ्याचे दुखत नाही. स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासात व्यापक वेदनेच्या प्रवृत्तीतील जवळपास निम्मा फरक आनुवंशिक निघाला. काहींचे दुखणे अपघातानंतर, काहींचे विषाणूच्या तापानंतर सुरू होते. फायब्रोमायल्जियाच्या बऱ्याच रुग्णांत त्वचेतील अतिबारीक चेतातंतू विरळ झालेले आढळतात. २०२१ मध्ये लंडन आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा ते उंदीर वेदनेला अधिक संवेदनशील झाले. म्हणजे प्रतिकारशक्तीचाही यात वाटा असू शकतो.

म्हणून ‘ताणामुळे आहे’ हे निदान घाईने करू नये. थायरॉइड मंदावणे, ‘ड’ आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वांची कमतरता, रक्तक्षय, आमवात, स्नायूंचे आजार, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही औषधांचा परिणाम यांमुळेही अंग दुखते आणि त्यांची चाचपणी आधी झाली पाहिजे. सांधे सुजणे, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणे, ताप, कारणाविना वजन घटणे, हातापायांतील शक्ती जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच खांदे आणि कंबर जोराने आखडणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे लगेच जावे. मात्र कारणे नीट तपासून झाल्यावर तीच एमआरआय पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नसतो. प्रत्येक नव्या तपासणीबरोबर नवी धास्ती घरी येते.

उपचारांची दिशा

दुखणे शरीर आणि मन या दोन्ही अंगांनी वाढते, तसे ते दोन्ही अंगांनी उतरवता येते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियाच्या उपचारांचा आढावा घेऊन केलेल्या शिफारशींत व्यायाम ही एकमेव ठाम शिफारस होती. व्यायामाने झोप गाढ होते, मेंदूचा ब्रेक बळकट होतो आणि हालचालीची भीती ओसरते. सुरुवात रोज दहा मिनिटे चालण्यासारखी लहान असावी आणि वाढ आठवड्यागणिक थोडी थोडी करावी. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून दिवाळीची सगळी साफसफाई त्याच दिवशी उरकली, तर पुढचे चार दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशीही हात आखडता ठेवणे आणि वाईट दिवशीही थोडे चालणे, हा मधला मार्ग टिकतो.

श्वासाकडे लक्ष देत संथ हालचाल करण्याचे प्रकारही उपयोगी पडतात. २०१० मध्ये अमेरिकेतील दोन लहान चाचण्यांत, एकीत योग आणि दुसरीत ताई ची केलेल्या रुग्णांची वेदना आणि थकवा तुलनेने अधिक कमी झाला. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या मानसोपचारात भीतीदायक विचार ओळखणे, कामाचे तुकडे पाडणे आणि झोपेच्या सवयी सुधारणे शिकवले जाते. मानसोपचाराचा सल्ला दिला म्हणजे दुखणे खोटे ठरवले, असे रुग्णाने मानू नये. हृदयविकारानंतर तंबाखू सोडायला सांगितली म्हणून हृदयविकार काल्पनिक ठरत नाही.

औषधांना मर्यादित जागा आहे. रात्री कमी मात्रेत दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, तसेच ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांचा काहींना फायदा होतो. त्यांतली काही नैराश्यावरची औषधे असली तरी इथे ती वेदनेचा ब्रेक सुधारण्यासाठी दिली जातात. साधी वेदनाशामके या दुखण्यात फारशी चालत नाहीत आणि मेडिकलमधून परस्पर आणून ती वर्षानुवर्षे घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने २०२१ मध्ये अशा प्राथमिक दीर्घकालीन वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या आणि अफूवर्गीय औषधे नव्याने सुरू करू नयेत, असेच सांगितले.

झोपेची वेळ ठरवणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे आणि अंथरुणात मोबाइल न नेणे हे उपाय साधे वाटतात, पण ते नेमके त्या झोपेच्या वाटेवर पहारा बसवतात. ताणाचे मूळ घरात असेल तर तिथेही हात घालावा लागतो. कामाची वाटणी, कर्जाची फेररचना, हिंसेविरुद्ध मदत हेही वेदनेवरचे उपचार आहेत. ज्यांना मानसोपचारतज्ज्ञ जवळ उपलब्ध नाहीत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

बहुतेक रुग्णांचे दुखणे एका झटक्यात नाहीसे होत नाही. ते काही महिन्यांत हळूहळू सैल होते, झोप परत येते, चालण्याचे अंतर वाढते आणि दुखण्याचे दिवस विरळ होतात. या काळात रुग्णाला सर्वांत जास्त गरज असते ती विश्वासाची. घरात कोणी रोज ‘अंग दुखतंय’ म्हणत असेल, तर ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ असे उत्तर देण्याआधी त्याच्याजवळ बसून दोन प्रश्न विचारावेत: झोप लागते का, आणि जिवाला कसला घोर आहे का.